माक्याच्या तेलाचा परवाना

घरी तेल, उटणं, दंतमंजन करून विकणाऱ्या बायका आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. "याला लायसन लागतं का हो?" हा प्रश्न त्यांतल्या बहुतेकींना कधी ना कधी पडतो आणि सरळ उत्तर देणारं कुणी भेटत नाही. मलाही भेटलं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं आमचं हे प्रकरण २०२५च्या पावसाळ्यात मार्गी लागलं. डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

तेल माझ्या सासूबाईंचं. वाईजवळच्या आमच्या गावात पाटाच्या कडेला, उसाच्या सरीत माका माजलेला असतो. पांढऱ्या बारीक फुलांचा. पान बोटांत चुरगळलं की रस हिरवा निघतो आणि थोड्या वेळात बोटं काळी पडतात, ही त्यांची परीक्षा. पिवळ्या फुलांच्या माक्याला त्या हातही लावत नाहीत. माका, गावठी लाल जास्वंद, आवळा आणि ओढ्याकाठची ब्राह्मी यांचा रस; वाळा, नागरमोथा, जटामांसी, कापूरकाचरी यांचं वाटण; आणि घाण्यावरचं तिळाचं तेल. मोजमाप तांब्याचं. एक तांब्या तेलाला चार तांबे रस आणि वाटीभर वाटण, मग मंद आचेवर दोन दिवस. आधी शेजारणी न्यायच्या, मग त्यांच्या पुण्यामुंबईच्या लेकी, आणि करोनानंतर मी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी घ्यायला लागले. धुतलेल्या बाटल्या, त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी, दोनशे मिलिला दीडशे रुपये.

फेब्रुवारीत ओळखीच्या मेडिकलवाल्याला विचारलं, चार बाटल्या ठेवशील का म्हणून. त्याने बाटली फिरवून पाहिली आणि परत दिली. "वहिनी, तेल चांगलंय, माझी बायकोच लावते. पण यावर परवाना नंबर कुठाय? उद्या तपासणी आली तर माझं दुकान बंद करतील."

तोवर आम्ही समजत होतो की घरगुती गोष्टीला कसला परवाना. तर कायदा असा आहे: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० प्रमाणे विक्रीसाठी तेल बनवायचं तर परवाना लागतो, मग ते चार बाटल्या असो की चार हजार. स्वतःच्या घरासाठी करा, कुणी विचारत नाही. वैद्यांना एक सूट आहे: आपल्याच रुग्णासाठी औषध बनवून दिलं तर आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना लागत नाही. सासूबाई वैद्य नाहीत आणि शेजारणी रुग्ण नाहीत, त्यामुळे ते दार बंद.

पुढचा महिना नुसता समजून घेण्यात गेला. या काळात एका एजंटाला भेटलो. त्याने "सगळं करून देतो, पंच्याऐंशी हजार" असं सांगितलं, पण नेमका कुठला परवाना काढणार हे विचारल्यावर "ते आमच्यावर सोडा" म्हणाला. आम्ही नमस्कार करून उठलो. सगळेच एजंट असे नसतात. पण कुठल्या नियमाखाली, कुठला फॉर्म, एवढं दोन वाक्यांत सांगता न येणाऱ्याला पैसे देऊ नका.

खरं काय ते नात्यातल्या एका वैद्यताईंकडून कळलं. केसांच्या तेलाला रस्ते तीन.

पहिला शास्त्रोक्त आयुर्वेदिक औषधाचा. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ग्रंथांची यादी आहे, शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली, योगरत्नाकर वगैरे. त्यांतला एखादा पाठ, म्हणजे कृती, जसाच्या तसा घ्यायचा, तीच द्रव्यं, तेच प्रमाण. मग ग्रंथात जे उपयोग दिलेत ते सांगता येतात. दुसरा आयुर्वेदातलाच, पण 'पेटंट-प्रोप्रायटरी'. द्रव्यं ग्रंथांतलीच, मिश्रण तुमचं. इथे परिणामाचा पुरावा मागतात, लहानसा का होईना अभ्यास करावा लागतो. तिसरा सौंदर्यप्रसाधनाचा, म्हणजे कॉस्मेटिकचा. मिश्रण तुमचं, पुरावा नको. मात्र तेल काही बरं करतं असं एका शब्दाने म्हणायचं नाही.

वैद्यताईंनी एका वाक्यात सांगितलं, "पाठ ठेवायचा की दावा, ते आधी ठरव. दोन्ही नाही मिळत." सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कामाचं वाक्य मला हेच वाटतं. अर्ज, फॉर्म, चलन हे सगळं त्यानंतर येतं.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं तेल विकायचं तर माझं नाव कशाला? पुस्तकाचंच द्या." झालं, कॉस्मेटिकचा रस्ता ठरला.

आता जागा. घरातल्या चुलीवरच्या मालाला परवाना मिळत नाही. उत्पादनाची जागा राहत्या घरापासून वेगळी, भिंती सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि धुता येण्याजोग्या, पाणी-सांडपाण्याची सोय, देखरेखीला पात्रताधारक माणूस. हे उभं करायची आमची ऐपत नव्हती. पण सौंदर्यप्रसाधने नियम २०२० मध्ये 'लोन लायसन'ची सोय आहे. ज्याच्याकडे आधीच परवाना आणि कारखाना आहे त्याच्या जागेत, त्याच्या यंत्रांवर, तुमच्या परवान्यावर तुमचा माल. स्वतःच्या कारखान्याचा अर्ज सीओएस-५ मध्ये करतात, लोन लायसनचा सीओएस-६ मध्ये, आणि परवाना येतो तो सीओएस-९ मध्ये. बँकेच्या कर्जाशी याचा काही संबंध नाही. आमच्या गावात मात्र "यांनी तेलासाठी लोन काढलं" अशी बातमी महिनाभर फिरली.

यापेक्षा सोपा मार्ग थर्ड पार्टीचा. कारखानदार आपल्या परवान्यात तुमचं उत्पादन घालून घेतो, तुम्ही फक्त 'विक्रेता' म्हणून नाव छापता. बऱ्याच जणी तेच करतात आणि त्यात गैर काही नाही. पण त्यात उत्पादनाची परवानगी कारखान्याच्या नावावर राहते. उद्या पटलं नाही तर नव्या कारखान्यात पहिल्यापासून सुरुवात. घरात एकमत झालं की थोडा उशीर लागला तरी कागद आपल्या नावाचा हवा.

कारखाना शोधण्यात एप्रिल-मे गेले. मोठे लोक पाचशे लिटरखाली बोलायलाच तयार नाहीत. शेवटी पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखाना साठ लिटरच्या घाण्याला तयार झाला. तिथल्या केमिस्टबाई तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी सासूबाईंच्या मापाचा हिशेब कागदावर मांडला आणि हसल्या. तांब्याचं माप शार्ङ्गधराच्या तेल सिद्ध करण्याच्या नियमाशी जुळत होतं: एक भाग कल्क (म्हणजे वाटण), चार भाग तेल, सोळा भाग द्रव. सासूबाई चौथी शिकलेल्या. पण त्यांना याचं काही नवल वाटलं नाही. "मग दुसरं कसं करणार? कमी रसात तेल जळतं," एवढंच.

अडचण पुढे होती. साठ लिटर तेलाला दोनशे चाळीस लिटर रस. एवढ्या रसाला निदान अर्धा टन ओला पाला लागेल, आणि तो तोडल्या दिवशीच कुटून गाळायला हवा, नाहीतर आंबतो. केमिस्टबाई म्हणाल्या, सुक्या माक्याचा काढा करू. सासूबाई म्हणाल्या, "सुक्याचं तेल म्हणजे चहाच्या चोथ्याचा चहा." जूनमध्ये त्या स्वतः कारखान्यात आल्या. पाच-पाच लिटरचे दोन नमुने केले, एक निव्वळ ताज्या रसाचा, दुसरा काढ्यात थोडा ताजा रस घालून.

तो दिवस बघण्यासारखा होता. केमिस्टबाईंच्या हातात तापमापक, सासूबाईंच्या हातात उलथनं. तेल होत आलं हे कसं ओळखायचं यावर दोघींची जुगलबंदी. सासूबाईंनी तळातलं वाटण दोन बोटांत घेऊन वळलं, त्याची वात झाली. मग ती वात विस्तवावर धरली. तडतडली. "पाणी आहे अजून." थोड्या वेळाने पुन्हा धरली, तेव्हा निमूट जळली, आणि तेलावर फेसही धरला. केमिस्टबाईंनी तापमान आणि वेळ वहीत उतरवली. पाक झाल्याच्या या खुणा आयुर्वेदाच्या ग्रंथांत अशाच दिल्यात: कल्काची वात वळावी, विस्तवावर आवाज होऊ नये, तेलाला फेस यावा. तुपाचं मात्र उलटं, तूप सिद्ध झालं की फेस बसतो. घरी तेल करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, कारण पाणी राहिलेलं तेल महिन्या-दीड महिन्यात खवट होतं आणि मग त्या वासाला आपण 'औषधी वास' म्हणतो.

दोन्ही नमुने प्रयोगशाळेत गेले. आम्लमूल्य, पेरॉक्साइड मूल्य, खवटपणा, जड धातू, जिवाणू-बुरशी. दोघांचे मिळून अकरा हजार रुपये आणि तीन आठवडे. दोन्ही पास झाले, पण ताज्या रसाच्या नमुन्याचं पेरॉक्साइड मूल्य साठवणीच्या चाचणीत जास्त वेगाने चढलं, म्हणजे ते लवकर खवट होणार. सासूबाईंनी दोन्ही तेलं आठवडाभर लावून पाहिली आणि काढ्याच्या तेलाला "चालेल" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'चालेल' म्हणजे काय ते घरच्यांना माहीत आहे. म्हणजे ज्या पाठासाठी दावा सोडला तो पाठही थोडा वाकलाच. हे मी लपवत नाही; गावात मिळणारं तेल आणि बाटलीतलं तेल एकच नाही, असं विचारणाऱ्याला सांगते.

कागद जमवायला सप्टेंबर-ऑक्टोबर लागले. आमचा आणि कारखान्याचा करार, कारखान्याच्या परवान्याची प्रत, त्यांचं संमतिपत्र, त्यांच्या तांत्रिक माणसांची शैक्षणिक कागदपत्रं, घटकांची यादी टक्क्यांसकट, बनवण्याची पद्धत, चाचणी अहवाल, लेबलचा नमुना, प्रतिज्ञापत्रं, आधार, पॅन. व्यवसायाची उद्यम नोंदणी हवी. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे फुकट होते आणि वीस मिनिटांत होते. तिच्यासाठी दोन-दोन हजार घेणारे लोक आहेत, त्यांना देऊ नका. दुसरं म्हणजे सगळ्या कागदांवर पत्ता अक्षर न् अक्षर सारखा ठेवा. गट नंबर एका ठिकाणी मराठीत आणि दुसऱ्या ठिकाणी इंग्रजीत असला तरी प्रश्न येतो.

घटकांच्या यादीत वनस्पतींची शास्त्रीय नावं लागतात आणि इथे ब्राह्मीने आम्हाला थांबवलं. सासूबाईंची ब्राह्मी ओढ्याकाठची, गोल पानांची, म्हणजे सेंटेला एशियाटिका. काष्ठौषधीच्या व्यापाऱ्याने 'ब्राह्मी' म्हणून दिलेली बारीक जाड पानांची, ती बकोपा मोनिएरी. दोन्हींना बाजारात ब्राह्मीच म्हणतात आणि दोन्ही तेलांत वापरतात, पण कागदावर एकच लिहायची आणि कढईतही तीच घालायची. गावच्या ब्राह्मीचं झाड मुळासकट वर्तमानपत्रात दाबून सुकवलं, तालुक्याच्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांना दाखवलं आणि त्यांच्याकडून ओळखीचं पत्र घेतलं. त्यांनी चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. जटामांसीचं प्रमाण मात्र आम्ही कमी केलं. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर येते, रानातून इतकी ओरबाडली गेलीय की अतिधोक्यात असलेल्या वनस्पतींत तिची गणना होते, आणि बाजारात तिच्यात भेसळही भरपूर. घ्यायची तर पक्क्या बिलानेच घ्या. किंबहुना सगळाच कच्चा माल बिलाने घ्या, तपासणीत खरेदीची नोंद पाहतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे ऑनलाइन अर्ज भरला. फाइलचा आकार मोठा झाला की पोर्टल घेत नाही, त्यामुळे स्कॅन काळ्या-पांढऱ्यात आणि कमी रिझोल्यूशनवर करा. शुल्काचं चलनही तिथेच भरलं. मग शांतता. डिसेंबर गेला. रोज सकाळी पोर्टल उघडून 'प्रलंबित' वाचायची मला सवयच लागली; नवरा म्हणायचा, पेपर वाचल्यासारखी वाचतेस.

जानेवारीत त्रुटीपत्र आलं. घाबरून जाऊ नका, त्रुटीपत्र म्हणजे नकार नव्हे. आमच्या पत्रातल्या दोन त्रुटी कागदांच्या होत्या आणि बाकी सगळ्या लेबलच्या. मी लेबलवर लिहिलं होतं: केसगळती थांबवते. कोंडा मुळापासून घालवते. अकाली पिकणं रोखते. नवीन केस येण्यास मदत. डोकं थंड, झोप शांत. यातली एकही ओळ मी बनवलेली नव्हती. सगळ्या गिऱ्हाइकांच्या तोंडच्या. सगळ्यांवर काट.

मी कार्यालयात फोन करून वेळ घेतली आणि गेले. औषध निरीक्षक बाईंनी खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं. "ताई, केसगळती थांबवते म्हटलं की ते औषध झालं. आणि औषधालाही टकलावर केस आणण्याचा दावा करता येत नाही." त्यांनी नियम दाखवला. १९४५च्या औषध नियमावलीला परिशिष्ट 'जे' आहे, आपण बरे करतो असा दावा औषधाने करू नये अशा आजारांचं आणि अवस्थांचं. कर्करोग, मधुमेह, दमा यांच्या ओळीत तिथे टक्कल आहे, केस अकाली पिकणं आहे, नवे केस उगवणं आहे, आणि स्मरणशक्ती वाढवणंही आहे.

घरी येऊन हे वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंना त्यांच्या लहानपणच्या मासिकांतल्या जाहिराती आठवल्या. दादरच्या रामतीर्थ योगाश्रमाचं ब्राह्मी तेल, कामिनिया ऑईल. रामतीर्थच्या जाहिरातीत केस तर होतेच, शिवाय बुद्धी आणि झोपही. "परीक्षेच्या वेळी आमचे आप्पा भावाच्या टाळूवर थापायचे. तरी तो नापास झाला," असं म्हणून त्या हसल्या. नंतर मात्र गंभीर झाल्या. "पण गं, त्या पाटलांच्या सुनेचे केस आले ना आपल्या तेलाने?"

आले होते, हे खरं. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात तिचे केस पुंजक्यांनी गळत होते, तेल लावायला लागली आणि सहा-आठ महिन्यांत भरून आले. मी याबद्दल साताऱ्याच्या त्वचारोगतज्ज्ञांना विचारलं. ते म्हणाले, बाळंतपण, मोठा ताप, टायफॉइड, डेंगी यांनंतर बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मूळ जिवंत असतं, त्यामुळे बहुतेकांचे ते काही महिन्यांत आपोआप परत येतात. बाई तेलाकडे वळते ती नेमकी गळती शिगेला पोचल्यावर, त्यामुळे श्रेय तेलाला मिळतं. तसे रोज पन्नास ते शंभर केस जाणं सगळ्यांचंच चालू असतं. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, भांग रुंदावत असेल तर तेलावर वेळ घालवू नका, असंही त्यांनी बजावलं. मी हे आता गिऱ्हाइकाला सांगते. दोन-तीन विक्र्या त्याने गेल्या. एक बाई तपासणी करून आली, हिमोग्लोबिन आठ निघालं.

मग तेल करतं तरी काय? केसांच्या तेलावरचं एक काम मुंबईतलंच आहे, २००३ सालचं. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून त्यात दिसलं की धुताना-विंचरताना केसांतली प्रथिनं कमी जातात ती फक्त खोबरेलाने, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचे होते हेही लक्षात ठेवावं. पण एवढं वाचल्यावर सासूबाईंनी आपणहून तिळाच्या तेलात एक हिस्सा खोबरेल घालायचं ठरवलं आणि मला पुन्हा नमुना, पुन्हा चाचणी, पुन्हा साडेपाच हजार. त्यांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

शेवटी लेबलवर जे राहिलं ते असं: 'माका, जास्वंद व आवळायुक्त केसांचे तेल. केसांच्या रोजच्या निगेसाठी. केस मऊ व चमकदार दिसतात.' खाली वापरण्याची रीत, 'केवळ बाह्य वापरासाठी', घटकांची यादी उतरत्या क्रमाने, बॅच क्रमांक, 'अमुक महिन्याआधी वापरा', कारखान्याचं नाव-पत्ता आणि परवाना क्रमांकाची मोकळी जागा. सासूबाईंनी वाचून विचारलं, "यात आपलं काय आहे?" मी म्हटलं, "माका." त्या काही बोलल्या नाहीत.

फेब्रुवारीत उत्तर सादर केलं. मार्चमध्ये एक छोटी विचारणा आली, घटकांची टक्केवारी मिळून शंभर होत नव्हती, सुगंधाचा अर्धा टक्का कारखान्याच्या तक्त्यात होता आणि आमच्यात नव्हता. तो आम्ही काढूनच टाकला. मे २०२५ मध्ये परवाना आला. पीडीएफ उघडली तेव्हा आम्ही दोघी भाजी निवडत होतो; सासूबाईंनी हात पुसून फोन नाकाजवळ धरला आणि आपलं नाव शोधलं. परवाना त्यांच्याच नावावर आहे.

परवान्याची मुदत संपत नाही, पण तो चालू राहण्यासाठी दर पाच वर्षांनी शुल्क भरावं लागतं. तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका.

परवान्याबरोबर दोन कामं समांतर चालली होती. ट्रेडमार्क: केसांचं तेल वर्ग ३ मध्ये येतं, औषधी तेल वर्ग ५ मध्ये, अर्ज करताना हे चुकवू नका. व्यक्ती किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर हरकतीसाठी चार महिने मोकळे ठेवतात, तो काळ नुसता वाट बघण्याचा. दुसरं वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकबंद वस्तूंची नोंदणी, शुल्क ५०० रुपये. बाटलीवर निव्वळ प्रमाण, सर्व करांसहित किंमत, ग्राहक तक्रारीचा फोन आणि ई-मेल हे त्या नियमांतलं. अंकांची उंचीसुद्धा ठरलेली असते. छापणाऱ्याला आधी सांगा, त्याला ठाऊक असेलच असं नाही.

पैशाचं बोलायचं तर नमुने आणि चाचण्या मिळून चौतीस हजारांच्या आसपास गेले. बाटल्या हजाराच्या खाली मिळत नाहीत, त्या झाकणांसकट नऊ हजार. लेबलची छपाई, करारपत्रं, प्रवास, पहिल्या साठ लिटरचा कच्चा माल आणि कारखान्याची मजुरी धरून सगळे मिळून सव्वा लाख. यात सरकारी शुल्काचा वाटा लहान आहे, चाचण्या आणि किमान ऑर्डर हेच जड जातं. शंभर मिलिची बाटली आम्हाला एकशे पाच रुपयांना पडते, किंमत दोनशे वीस, त्यात दुकानदाराचा वाटा. गावातल्या जुन्या गिऱ्हाइकांना हे महाग वाटतं आणि त्यांचं बरोबर आहे.

जीएसटीची नोंदणी आम्ही केलेली नाही. राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर ती सक्तीची नाही. बेळगावच्या एका दुकानाने माल मागितला तेव्हा नाही म्हणावं लागलं, राज्याबाहेर माल विकायचा तर नोंदणी लागतेच. २२ सप्टेंबर २०२५पासून केसांच्या तेलावरचा दर अठरावरून पाच टक्के झाला. त्याने मोठ्या कंपन्यांच्या बाटल्या स्वस्त झाल्या आणि आमची आहे तिथेच.

मला सगळ्यात जास्त विचारणा येते ती इतर घरगुती गोष्टींबद्दल, म्हणून तेवढं सांगते. उटणं, दंतमंजन, शिकेकाईची पूड ही अंगाला-दाताला-केसांना लावायची स्वच्छतेची किंवा निगेची वस्तू म्हणून विकायची तर कॉस्मेटिकमध्ये बसतात. दिवाळीत बचत गट जे उटणं विकतात त्यालाही परवाना लागतो. सांधेदुखीचं तेल, बाम, सर्दीचा काढा, बाळगुटी यांचा हा रस्ता नव्हे. तिथे आयुर्वेदिक औषधाचा परवाना, त्याचा अर्ज फॉर्म २४-डी मध्ये, लोन लायसनसाठी २४-ई मध्ये, आणि आयुर्वेदाच्या पदवीधरांची देखरेख. त्या अर्जांसाठी ई-औषधी नावाचं केंद्राचं पोर्टल आहे आणि २०२१च्या दुरुस्तीपासून परवाना देण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली आहे. सासूबाईंचं लक्ष आता सुंठ-वेखंडाच्या लेपावर आहे. मी त्यांना स्पष्ट सांगितलंय की तो डोक्याला लावून डोकेदुखी जाते म्हणायचं असेल तर वैद्यताईंना भागीदार करा. उटण्याला मात्र त्या तयार झाल्यात. आमच्या कारखान्याकडे पावडरीची परवानगी आहे का एवढंच आधी बघायचं होतं, ती आहे. दिवाळीला बाटल्यांबरोबर उटण्याची पाकिटं हवी असतील तर चाचणी, त्रुटीपत्र आणि छपाई धरून फेब्रुवारीतच नमुना करायला हवा.